दिवा कमी पडतो

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार. दुपारी चार.
आजपासून ही वही फक्त दिव्यांसाठी. इतर काही लिहायचं नाही.
कारण: पहाटे पावणेसहाला ड्यूटीवर जाताना बांधावरून सायकलसकट किसनच्या शेतात गेलो. भात कापणीला आलेलं. किसन धावत आला. मला वाटलं लागलं का विचारेल. तो लोंब्या मोजत बसला.
चूक डायनॅमोची. रस्ता खराब आला की माणूस सायकल हळू करतो. सायकल हळू झाली की डायनॅमो मंद होतो. म्हणजे दिवा जिथे पाहिजे नेमका तिथेच नाही. हे डिझाइन करणारा माणूस कधी बोनकोड्याच्या बांधावर आलेला नसणार. कंपनीला पत्र लिहायचं आहे.
अकरा वर्षं याच वाटेने कारखान्यात जातोय. चार किलोमीटर. आधी बांध, मग ट्रकचा मोठा रस्ता. ही वाट मला डोळे मिटूनही येते. तेव्हा दोष माझा नाही हे सिद्ध.
संकल्प: दिवाळीच्या आत योग्य दिवा निवडणे. शास्त्रीय पद्धतीने. प्रत्येक दिव्याला दहापैकी मार्क. मी सायन्स घेऊन मॅट्रिक आहे, गावात असे तिघेच.
डायनॅमो: दोन.

५ ऑक्टोबर.
वाशीला दत्तूच्या सायकलच्या दुकानात गेलो. त्याला म्हटलं, चांगला दिवा दाखव. तो म्हणाला, हिरामणशेठ, अख्खा कारखान्यांचा बेल्ट या डायनॅमोवर ड्यूटीला जातो, तुमालाच काय टेन्शन? मी म्हटलं, बाकीचे लोक रस्ता नीट बघत नाहीत, मी बघतो.
दोन सेलची बॅटरी घेतली, हँडलला क्लिपने बसणारी. दत्तूने घासलेटचा जुना कंदीलही दाखवला. त्याला वासाबद्दल शून्य.

९ ऑक्टोबर.
दोन सेलचा रिझल्ट. उजेड स्वच्छ. पण बशीएवढा. बशीत जे आहे ते दिसतं, बशीच्या बाहेर काही नाही. रस्ता काय बशीएवढा असतो?
बयाबाई आमच्या शेजारीण. वय सत्तर, आवाज वीस. तिचं पाण्याचं पिंप बशीच्या बाहेर होतं. पिंप उलटलं. तिने पहाटे सहाला माझ्या मेलेल्या बापाचं नाव घेऊन सुरुवात केली.
पिंप रस्त्यात नव्हतं, तिच्या ओट्यावर होतं, असं तिचं म्हणणं. यावर दोन मतं आहेत.
दोन सेल: चार.

१४ ऑक्टोबर.
दत्तूला बॅटरी परत दाखवली. संध्याकाळी दुकानाबाहेर उभं राहून त्याने ती लावली आणि म्हणाला, पार त्या पिंपळापर्यंत दिसतंय की. मी विचारलं, कुठला पिंपळ?
दुकानदार असंच बोलणार. त्याला माल खपवायचा असतो.

२१ ऑक्टोबर. कोजागिरी.
देवळापुढे दूध आटवलं. सगळे म्हणत होते, काय चांदणं पडलंय, सुईत दोरा ओवावा. मी म्हटलं, धुकं आहे. कोणीच दुजोरा दिला नाही. गावाला एकाने म्हटलं की सगळ्यांनी म्हणायची सवय आहे.
सगुणाने दुधाचा पेला माझ्या हातात दिला तो नुसता दिला नाही, माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली. चारचौघांत. घरी आल्यावर बोललो तिला. लग्नाला सोळा वर्षं झाली, आता हे शोभतं का? ती म्हणाली, पेला गरम होता म्हनून. बायकांकडे कारणं तयार असतात.

२६ ऑक्टोबर.
वेगळाच प्रॉब्लेम. बयाबाईची तांब्याची कळशी विहिरीत पडली. गावात विहिरीत काही पडलं की हिरामणला बोलावतात. लहानपणापासून. आजवर एकोणीस भांडी, एक पाटा आणि सरपंचाचं घड्याळ काढलेलं आहे.
ड्यूटीवरून आलो आणि चार वाजता उतरलो. तीन बुड्या मारल्या. तळाला काळोख. हाताला चिखल आणि एक चप्पल लागली. चप्पल कोणाचीच नाही असं ठरलं.
पाणी बदललंय. पूर्वी या विहिरीत तळाचा दगड न् दगड दिसायचा. शेवाळ वाढलं असणार. बयाबाई म्हणाली, शेवाळ नाय, तू म्हातारा झालास. मी एकोणचाळीस.
म्हणजे दिव्यांची निवड आता दोन खात्यांत करावी लागणार: रस्ता आणि पाणी. बयाबाईला शब्द दिला, दिवाळीत कळशी तुझ्या दारात.

३० ऑक्टोबर, रविवार.
खाडीपुलाच्या खांबांच्या तपासणीला पाणबुडे आलेत असं ऐकलं. गेलो. त्यांच्यातला मारोती म्हणून एक मालवणकडचा माणूस बोलका निघाला. होडीवर बसून चहा पीत होता. विचारलं, पाण्याखाली कुठली बॅटरी वापरता?
त्याने दाखवली. जाड रबराची, काचेला पितळी कडं. हातात घेतली तेव्हा बरं वाटलं. पण म्हणाला, ही बाहेर मिळत नाही, आणि तसा फायदापण नाही. खाडीच्या गढूळ पाण्यात दिवा लावला की डोळ्यासमोर चहाचा ग्लास धरल्यासारखं होतं. आमी हातानं चाचपून काम करतो.
मग विचारलं, तुमाला कशाला? मी विहिरीचं सांगितलं. तो म्हणाला, गोड्या विहिरीत दिवसाउजेडी दिव्याची काय गरज? तळ दिसतो की.
मी पुलाविषयी विचारलं.
निर्णय: पाण्यातली बॅटरी घरी बनवणे.

४ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
पणत्या लावल्या. पणत्यांची एक गंमत असते, पणती दिसते पण पणतीखालची जमीन दिसत नाही. पुतळाच्या रांगोळीवर पाय पडला. पुतळा माझी मुलगी, आठवीला आहे. दुपारपासून मोर काढत होती. ती मोर पुसून पुन्हा काढायला बसली, यावेळी भिंतीला चिकटून.
मी म्हटलं, हे आधीच करायला पाहिजे होतं.

५ नोव्हेंबर. पाडवा.
बॅटरी तयार. दोन सेलची आतली, तिच्यावर सायकलची ट्यूब, दोन्ही तोंडांना पंक्चरचं सोल्युशन, पुढे आरशाची पारा खरवडलेली काच, सांध्यांना मेणबत्तीचं मेण. बादलीत पाच मिनिटं बुडवली. पेटलेली राहिली. पुतळा टाळ्या वाजवत होती. सगुणा दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, छान झाली. मग आत गेली.
बादलीतले मार्क: दहा.

६ नोव्हेंबर. भाऊबीज. संध्याकाळी.
सगळा गाव विहिरीवर. सुट्टीचा दिवस, लोकांना दुसरं काम नाही.
बॅटरी घेऊन उतरलो. पाण्यात गेल्यावर अर्धा मिनिट पेटली, मग आत बुडबुड आणि खेळ खलास. तरी दोनदा तळाला जाऊन आलो. वर आलो तेव्हा बयाबाईचा जावई सदू काठावर होता, उरणहून दिवाळसणाला आलेला. त्याने नवा शर्ट काढून बायकोच्या हातात दिला, तोंडातलं पान थुंकला आणि उडी मारली. एका बुडीत कळशी घेऊन वर.
मला विचारतो, दाजी, यात बॅटरी कशाला? खाली चकाकत व्हती की.
नशीब म्हणतात ते हे. शास्त्रात याला अपघात म्हणतात.
बिघाडाचं कारण: पाणी बटनाच्या बाजूने शिरलं. पुढच्या वेळी बटनच ठेवायचं नाही.

१७ नोव्हेंबर.
आनंदाची बातमी. सुपरवायझरनी बोलावून सांगितलं, उद्यापासून जनरल शिफ्ट, नऊ ते साडेपाच, स्टोअरमध्ये. पहाटे यायला नको. मी न मागता! अकरा वर्षांनी का होईना, गुणांची कदर झाली. बाकीचे अजून पहाटे पाय झिजवतायत.
घरी येऊन सगुणाला सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. बरं झालं, एवढंच म्हणाली. तिला प्रमोशनमधलं कळत नाही.

२ डिसेंबर.
जनरल शिफ्टला एकच अडचण. सुटून बांधावर येईपर्यंत सहा वाजतात आणि डिसेंबरात सहाला काळोख. तीन सेलची घेतली. बशीचं ताट झालं, पण शेवटी ताटच.
मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत सायकल हातात धरून चालतो. व्यायाम म्हणून.
तीन सेल: पाच.

११ डिसेंबर, रविवार.
सगुणाबरोबर वाशीच्या मार्केटात. येताना दिवेलागण झाली. ही बाई हल्ली माझ्या पुढे चालते. आणि तोंड बंद नाही. पायरी हाय. हिकडं शेन हाय. आथा वळायचं. बैलाला सांगावं तसं. ओळखीचे लोक भेटत होते. मी म्हटलं, मागून चाल आणि गप्प चाल. ती मागे गेली, गप्प झाली.
मग मी गटारात पाय घातला. गटारावर झाकण नव्हतं. सिडकोला पत्र.

२० डिसेंबर.
दिव्यांच्या निवडीतला सुवर्णदिन. तुर्भ्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका ओळखीच्याकडून कपाळावर बांधायचा दिवा मिळाला. सेलचा डबा कमरेला, वायर पाठीवरून, दिवा कपाळावर. जिकडे मान तिकडे उजेड. हे आधी कोणाला सुचलं कसं नाही?
घरात बांधून फिरलो. कुत्री भुंकली. नऊ मार्क दिले, एक मार्क कमी कारण कपाळाला चटका बसतो.

८ जानेवारी १९८४, रविवार. दुपारी.
आज संध्याकाळी फायनल. सगुणाला कॅरियरवर बसवून वाशीहून बोनकोडे. डायनॅमो, हँडलवर तीन सेल, कपाळावर खाणीचा दिवा. तिन्ही एकदम. बोनकोड्याच्या इतिहासात एका सायकलवर इतका उजेड कोणी पाहिलेला नसेल.
सगुणा म्हणाली, चालत येव की. मी म्हटलं, आज बघ तू. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं.

१२ जानेवारी.
चार दिवस लिहिलं नाही.
नव्या सेक्टरच्या कामाची खडी रस्त्याच्या कडेला टाकलेली होती. मागून सगुणा ओरडली, खडी, खडी. मी समोरच बघत होतो. समोर काही नव्हतं.
तिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. खांदा उतरला. वाशीच्या दवाखान्यात आहे. मला गुडघ्याला खरचटलंय.
गुन्हा खडीवाल्याचा. रस्त्यावर माल टाकला की लाल कंदील लावायचा असा नियम आहे. असणारच.
दत्तू बातमी ऐकून जागेवर आला होता. त्याने सायकल उचलली, तीन सेलची हातात धरली, माझ्या कपाळाकडे बघितलं. म्हणाला, हिरामणशेठ, चाक फिरवलं तर डायनॅमोपन पेटतोय. तिन्ही दिवे चालू हायेत.
मी म्हटलं, मग?
तो सायकल दुकानात घेऊन गेला.

१५ जानेवारी, रविवार.
सगुणाला काल घरी आणलं. संक्रांत होती, तिळगूळ तिने डाव्या हाताने दिला.
आज संध्याकाळी सात वाजता लाइट गेली. पुतळा बयाबाईकडे होती. सगुणाने पाणी मागितलं. मी उठलो. खाटेवरून तिचा आवाज आला, डावीकडं दोन पावलं. आथा हात खाली. तांब्या उजव्या अंगाला हाय. तांब्या तिथेच होता.
मी विचारलं, तुला कसं माहीत मी कुठे आहे?
ती आधी पाणी प्यायली. मग जे बोलली ते तसंच लिहितो, कारण नंतर मी ते बदलेन.
म्हणाली, "तुमाला दिवेलागनीनंतर दिसत नाय. आठ वर्सं झाली. तुमच्या बापसाला पन दिसत नव्हतं. तिन्हीसांजेला वट्यावर बसायचं ते उटायचंच नाय, कुनी हात दिल्याशिवाय. म्हातारीनं मला लगीन होऊन आले तवाच सांगितलं व्हतं, भांडी जागच्या जागी ठेव."
मी म्हटलं, दिवे चांगले मिळत नाहीत म्हणून.
ती म्हणाली, दिवे चांगलेच हायेत.
जनरल शिफ्टसाठी सुपरवायझरकडे तीच गेली होती. हेही आजच सांगितलं.
मी चिडलो. म्हटलं, आठ वर्षं माहीत होतं तर बोलली का नाहीस? तर म्हणते, "सांगनार व्हते. दरवेळी तुमी नवीन दिवा घेऊन यायचे. एवढ्या खुशीनं यायचे."
मग त्या दिवशी कॅरियरवर बसलीस कशाला?
"तुमी म्हनलात, आज बग."

१६ जानेवारी.
काल लिहिलेलं सगळं खोटं आहे असं लिहिण्यासाठी वही उघडली.
त्याआधी एक प्रयोग केला. शास्त्र म्हणजे प्रयोग. संध्याकाळी सव्वासहाला पुतळाला तीन सेलची बॅटरी देऊन चिंचेखाली उभं केलं. म्हटलं, उजेड स्वतःच्या तोंडावर पाड आणि हात वर कर, मी बोटं मोजतो. मी म्हटलं, तीन. चिंचेकडून आवाज नाही. तो माझ्या शेजारून आला. बाबा, मी हितं हाय. बॅटरी झाडाला टांगून मी कवाच आले.

१७ जानेवारी.
जीवनसत्त्व कमी असेल. गाजरं आणली.

२८ जानेवारी, शनिवार.
मुंबईला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे. सगुणा प्लॅस्टरसकट बरोबर आली, नको म्हटलं तरी. डॉक्टरांकडची टॉर्च पेनाएवढी. एका सेलची असावी. तेवढ्या उजेडात त्यांना माझ्या डोळ्याच्या आतलं सगळं दिसलं.
त्यांनी विचारलं, हे किती दिवसांपासून? मी म्हटलं, दोन महिने. सगुणा म्हणाली, आठ वर्सं. त्यांनी आठ लिहिलं.
डोळ्याच्या आतला पडदा खराब होत चाललाय. कडेने सुरू होतो आणि मध्यापर्यंत येतो. औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. दिवसा अजून काही वर्षं दिसेल. मी विचारलं, जास्त पॉवरचा दिवा घेतला तर? डॉक्टर हसले नाहीत. तरुण होते, पण हसले नाहीत. म्हणाले, पाटील, तुम्ही सूर्य जरी हातात घेतलात तरी फरक पडणार नाही.
निघताना त्यांनी विचारलं, मुलं किती? एक मुलगी, तेरा वर्षांची. ते म्हणाले, हे घराण्यातून येतं, तिला एकदा आणा.

३१ जानेवारी.
पुतळाला नेणार नाही. कारणं: १. शाळा बुडेल. २. मुंबई लांब. ३. तिला काहीही झालेलं नाही. ४. डॉक्टर तरुण आहेत. ५. मुलीचं लग्न व्हायचंय, गावात बोभाटा नको.
सगुणाला वाचून दाखवली. ती म्हणाली, पाचवं एकच खरं हाय, पन ते पन चालायचं नाय. तुमी नाय आलात तर मी एकटी नेईन.
एका हाताने? मी म्हटलं.
हाव, म्हणाली.

६ फेब्रुवारी.
ठरवलं की आधी घरीच बघायचं. आठवडाभर पुतळावर लक्ष ठेवायचं. संध्याकाळी ती अडखळते का, दाराला आपटते का, वस्तू चाचपते का. तसं काही नसलं तर डॉक्टरकडे जायचा प्रश्नच नाही.
सहा वाजता ओट्यावर बसलो. ती अंगणात होती. पैंजण वाजत होते. एकदा काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ती हसली. बादली असेल. पाय लागला की उचलताना सुटली?
साडेसहापर्यंत बसून राहिलो. काळोखात ती अडखळते की नाही हे बघायला मला काळोखात दिसायला पाहिजे. हे आज लक्षात आलं.
शनिवारी नेतो असं सगुणाला सांगितलं. ती चुलीपुढे होती. डाव्या हाताने भाकरी थापत होती. भाकरी वाकडी झाली. तिने पदराने तोंड पुसलं.

११ फेब्रुवारी, शनिवार.
डॉक्टरांनी पुतळाच्या डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं. तो तास मी दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होतो. मोठी अक्षरं, मग बारीक. शेवटची ओळपण वाचता आली, भरदिवसा. कोणाला तरी सांगावंसं वाटलं.
डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, आज तरी काही खूण नाही. सगुणा तिथेच बाकावर बसली आणि रडायला लागली. सोळा वर्षांत असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. हात मोडला तेव्हासुद्धा नाही.
मी विचारलं, आज तरी म्हणजे? ते म्हणाले, तुमचेही डोळे या वयात ठीकच असतील, दर वर्षी आणत जा.
पुतळाला डोळ्यांतल्या औषधामुळे उजेड सहन होत नव्हता. बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले. विचारलं, बाबा, तुमाला आमी कोण दिसनारच नाय का? मी म्हटलं, तसं काही नाही, डॉक्टर लोक वाढवून सांगतात, दोन-चार वर्षांत औषध निघेल, परदेशात काम चालू आहे.
सगुणा खिडकीतून बाहेर बघत होती.

२ मार्च.
बयाबाई येऊन बसली. तिला सगळं कळलंय, म्हणजे गावाला कळलंय. मला वाटलं बोलेल. तिने विचारलं, पिंप भरायला पुतळाला पाठवशील का? मग म्हणाली, तुझा बापूस माझ्याच हाताला धरून देवळात यायचा. मला राखी बांधायला भाव नव्हता.
हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

९ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी सात.
गेल्या महिन्यात दत्तूने सायकल दुरुस्त करून आणली. पैसे घेतले नाहीत. चौकात चालवून दाखवा म्हणाला. मी म्हटलं, पुतळा चालवेल.
ती पंधरा दिवसांत शिकली. सगुणाने कॅरियर धरलं, डाव्या हाताने. गावात बोलणारे बोलले. वाशीला गणिताची शिकवणी आहे, सहाला सुटते. ती आता सायकलनेच जाते. चालत गेली तर आणखी उशीर होतो.
आज साडेसहापासून दारात उभा होतो. ट्रकचा रस्ता आहे. खडी अजून तिथेच आहे. सगुणा शेजारी येऊन उभी राहिली. प्लॅस्टर काढलंय, हात सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढाच होईल.
मी ट्रकचे आवाज मोजत होतो.
मग सगुणा म्हणाली, आली. बांधावर हाय.
मी विचारलं, दिवा लावलाय का तिने?
म्हणाली, लावलाय.
मला दिसला नाही.